असीरगडच्या वाटेवरचा हिशोब

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी बुऱ्हाणपूर फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. भुसावळहून खंडव्याकडे निघालं की रावेरच्या आसपास दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात, थोड्या वेळात बुऱ्हाणपूर स्टेशन येतं, चहावाला ओरडून जातो आणि गाडी सुटते. उतरतं कोण? मी मात्र याच गावात वाढलो. घर शनवाऱ्याजवळ, मामाचं घर लालबागला. बारावीनंतर इंजिनीअरिंगसाठी इंदूरला गेलो, नोकरीही तिथेच लागली, आणि हळूहळू स्वतःच्याच गावात पाहुणा झालो.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी वजनावरून बोलल्यावर मी सायकल घेतली. मग रविवारच्या ग्रुप राइड्स सुरू झाल्या. मागच्या जानेवारीत एका ग्रुपने दोन दिवसांची राइड जाहीर केली. इंदूर ते बुऱ्हाणपूर, साधारण १८० किलोमीटर. आपल्या गावात सायकलवरून शिरायचं, या कल्पनेनेच मी त्याच रात्री नाव नोंदवलं. फी होती ४,८०० रुपये.

फी भरली आणि सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडली. (सॉफ्टवेअरवाल्यांची ही खोड बायकोला मुळीच आवडत नाही.) हेल्मेट १,८००, पॅड लावलेली शॉर्ट्स १,४००, हातमोजे ४५०, पुढचा-मागचा दिवा १,३००, जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचं सामान १,१००, सर्व्हिसिंग ९५०. म्हणजे फीवर आणखी ७,०००. एकूण ११,८००. त्यात चौतीस हजारांची सायकल धरलेली नाही. दोन दिवस सायकल चालवायला बारा हजार!

राइड मात्र झकास झाली. पहिल्या दिवशी सिमरोल, घाट, मग बडवाह. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडताना सगळे आपोआप थांबले. मुक्काम सनावदला. तिथून रावेरखेडी फार लांब नाही. थोरले बाजीराव १७४० साली तिथेच गेले. मराठी माणसाने वाट वाकडी करून जावं अशी ती जागा, पण वेळापत्रकात ती बसत नव्हती. दुसऱ्या दिवशी देशगाव, बोरगाव करत असीरगडकडे निघालो. चौपदरीकरणाच्या कामाची धूळ आणि शेजारून जाणारे ट्रक. अशा रस्त्यावर मागून आपली गाडी पिवळा दिवा लावून येतेय, हे किती बरं वाटतं ते तिथे चालवणाऱ्यालाच कळेल.

दुपारी असीरगड दिसला. सातपुड्यातून दक्षिणेत उतरायची ही वाट, म्हणून या किल्ल्याला दक्खनचा दरवाजा म्हणतात. अकबराने तो १६०१ साली घेतला. पुढे तो शिंद्यांकडे आला आणि १८१९ मध्ये इंग्रजांनी वेढा घालून घेतला. वरच्या महादेवाला अश्वत्थामा अजूनही रोज पहाटे येऊन फूल वाहतो, असं आम्हाला लहानपणी सांगायचे. मामेभाऊ तर शपथेवर सांगायचा की त्याने ते फूल पाहिलंय.

तोच मामेभाऊ पायथ्याशी उभा होता. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, मी त्याला दादाच म्हणतो. तो पॉवरलूमवर काम करतो. घर ते कारखाना, रोज सात किलोमीटर जाऊन आणि सात येऊन, वीसेक वर्षं सायकलवरच. मीच त्याला म्हटलं होतं, “शेवटचे वीस किलोमीटर आमच्याबरोबर चल.” त्यासाठी त्याने अर्धा दिवस बुडवला होता. जुन्या काळ्या सायकलच्या कॅरिअरला सगळ्यांसाठी पिशवीभर केळी बांधून तो सगळा चढ चढून आला होता.

केळी सगळ्यांनी खाल्ली. निघायच्या वेळी आयोजकांनी मला बाजूला घेतलं. नोंदणी नाही, हेल्मेट नाही, मागचा दिवा नाही. काही झालं तर जबाबदारी कोणाची? त्यांना रांगेत घेता येणार नाही. माणूस अगदी नम्रपणे बोलत होता आणि त्याचं म्हणणं बरोबरच होतं. मी मान डोलावली. दादाला काय सांगायचं ते मात्र सुचेना.

त्याला सांगावं लागलंच नाही. “चल रे, टेन्शन नको घेऊ,” तो म्हणाला. “रस्ता तर सरकारचा आहे ना?” आणि आमच्या पिवळ्या दिव्याच्या गाडीच्या मागे शंभर-दोनशे मीटर अंतर ठेवून तो सगळा उतार एकटा आला. तापीकाठच्या आपल्याच गावात मी जर्सी घालून पुढे, आणि तो मागे. शेवटी मेडल मिळालं, फोटो झाला. फोटोत दादा नाही. फोटो तो काढत होता.

रात्री जेवताना मामीने विचारलं, “किती पैसे लागतात रे याला?” मी म्हटलं, “दोनेक हजार.” दादा ताटात बघत जेवत राहिला. ११,८०० म्हणजे त्याचा जवळजवळ महिन्याचा पगार. मला खरा आकडा सांगायची लाज वाटली. ती लाज मी इंदूरला घेऊन आलो.

मग मी ४,८०० रुपये जातात कुठे, हे आयोजकांनाच विचारलं. त्यांनी काहीही न लपवता सांगितलं. हॉटेल १,२००, दोन दिवसांचं खाणं ९००, सायकली आणि माणसं परत आणायला ९००, जर्सी ६००, मेडल-सर्टिफिकेट १५०, विमा आणि किरकोळ ३००. मेकॅनिकसह मागची गाडी १८,००० ची, ती चोवीस जणांत वाटून माणशी ७५०. म्हणजे कोणी लुबाडत नव्हतं. पण ज्याच्यामुळे जीव सुरक्षित राहतो तो खर्च ७५०चा, आणि हॉटेल-जर्सी-मेडल मिळून जवळपास दोन हजारांचा, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

जगात दुसरी पद्धतही आहे. आपल्याकडे पुणे, मुंबई, नाशिक, इंदूरकडचे बरेच जण ‘बीआरएम’ करतात. पॅरिसच्या एका जुन्या सायकल क्लबच्या नियमांनी जगभर चालणारी ही राइड. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे. पंक्चर, जेवण, दिवे, सगळं ज्याचं त्याने बघायचं, मागे गाडी नसते. त्यामुळे फी कमी. पण तिथे स्वतःचं सामान आणि अनुभव दोन्ही लागतं. दादाकडे अनुभव भरपूर आहे, दिवा नाही.

या डिसेंबरमध्ये आम्ही आमच्या पद्धतीची राइड केली. पाच जण इंदूरचे, सहा बुऱ्हाणपूरचे. पहिला प्रश्न पैशांचा नव्हताच, दिवसाचा होता. दादाच्या लूमची सुट्टी रविवारी नसते. मागच्या वेळी आमच्या सुट्टीसाठी त्याची मजुरी गेली होती. या वेळी त्याच्या सुट्टीच्या दिवशी राइड ठेवली आणि आम्ही पाच जणांनी ऑफिसातून रजा टाकली.

सकाळी लालबागहून निघून आधी कुंडी भंडारा पाहिला. हा तुम्ही नक्की बघा. १६१५ साली, जहांगीरच्या काळात अब्दुल रहीम खानखानाने ही योजना करून घेतली. सातपुड्यातून जमिनीखाली झिरपणारं पाणी अडवून, एकामागून एक शंभरच्या वर विहिरींसारख्या कुंड्या खणून, त्या आतल्या भुयाराने जोडल्या. पंप नाही, रहाट नाही. नुसत्या उताराने पाणी गावाकडे वाहतं. मी गावात अठरा वर्षं राहिलो आणि आत कधी उतरलो नव्हतो. त्या दिवशी सगळ्यांना माहिती दिली ती दादाने.

मग असीरगड आणि परत. सगळे मिळून पन्नासच्या आसपास किलोमीटर. काय सोडलं? हॉटेल, जर्सी, मेडल. काय सोडलं नाही? हेल्मेट, मागचा दिवा, आणि मागून येणारी गाडी. ही गाडी केळीच्या व्यापाऱ्याची पिकअप, ड्रायव्हर आणि डिझेलसकट २,२००. तीन जणांना आमची जुनी हेल्मेटं दिली, तीन नवी घेतली, २,७००. पोहे-चहा ४४०. पंक्चरचं सामान, साधे दिवे आणि प्रथमोपचार ५६०. दुपारचं जेवण मामीकडे. एकूण ५,९००, माणशी साडेपाचशेच्या आत. हेल्मेटं तर पुढच्या वेळी घ्यायचीच नाहीत.

फी ठेवली नव्हती. गणपतीच्या वर्गणीसारखा स्टीलचा डबा ठेवला, ज्याला जेवढं जमेल तेवढं. दादाने दोनशे टाकले, सगळ्यांसमोर. डब्यात ६,२०० निघाले. उरलेल्या तीनशेची मावा जिलेबी आली. ही काळपट, खव्याची जिलेबी बुऱ्हाणपूरची खासियत. ती सायकल चालवून झाल्यावरच खावी, आधी नाही.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. चढावर एकाच्या पायात गोळा आला आणि तो पिकअपमध्ये बसला. माझ्याच सायकलची चेन तुटली. चौतीस हजारांची सायकल दादाने रस्त्याकडेला उलटी करून दुरुस्त केली. आणि खरं सांगायचं तर घाट, ट्रक आणि मुक्काम असलेली १८० किलोमीटरची राइड असल्या डब्यावर काढायची माझी हिंमत नाही. तिथे अनुभवी आयोजक हवा, आणि त्याचे पैसे द्यायला हवेत. पण आपल्या मंडळांत, सोसायट्यांत हल्ली सायकल राइड्स निघतात. फी ठरवण्याआधी एकदा यादी करून बघा. कुठल्या रकमेने माणूस सुरक्षित राहतो, आणि कुठल्या रकमेने तो बाहेर राहतो.

परतताना आम्ही राजघाटावर तापीकाठी बसलो होतो. पलीकडे जैनाबाद. मुमताज महल १६३१ साली बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिला आधी त्या तीरावर पुरलं होतं, ताजमहाल नंतरचा. दादा म्हणाला, “पुढच्या वेळी तिकडे जाऊ. तिकडे चढ नाही, तुझी चेन टिकेल.”

घरी आल्यावर मामीला मागच्या वर्षीचा खरा आकडा सांगितला. “माहीत होतं,” ती म्हणाली. “दादाने मोबाईलवर बघून सांगितलं होतं मला.”

पुढची राइड फेब्रुवारीत आहे. यायचं असेल तर हेल्मेट घेऊन या. नसेल तर मामाच्या ओसरीवर लटकवलेली आहेत.