तोरणमाळचा घाट आणि चाकांचा हिशेब

नंदुरबारच्या मिरची बाजारात वजनाला मोठा मान आहे. ओली लाल मिरची ज्या वजनाने पथारीवर पसरली जाते, त्या वजनाने ती उचलली जात नाही. ऊन आपला वाटा घेते आणि घट वहीत उतरते. अशा बाजारात वाढलेल्या एका व्यापारीपुत्राने मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उतरण्याचे ठरविले आणि वडिलांपुढे सुमारे एक लाख रुपयांच्या कार्बन चाकांची मागणी ठेवली. वडिलांनी पहिला प्रश्न आपल्या धंद्याला शोभेल असाच विचारला, ‘वजन किती कमी होणार?’

घरात या प्रकरणाला आधीच विरोध होता. सायकल ही कामावर जाण्याची वस्तू, तिच्यामागे दुकान आणि तब्येत का पणाला लावायची, असा आईचा सवाल होता. मुलगा उत्तरादाखल नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंचे उदाहरण देई. आपापला वैद्यकीय व्यवसाय सांभाळणाऱ्या या दोन भावांनी 2015 मध्ये अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा अशी सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ आळीपाळीने सायकल चालवून पूर्ण केली. तेव्हा छंद आणि व्यवसाय एका घरात नांदू शकतात, एवढे वडिलांनी मान्य केले. प्रश्न उरला तो खर्चाचा.

मुलाने हिशेब मांडला. सायकलची मूळची अॅल्युमिनियमची चाके सुमारे 1,900 ग्रॅमची, नवी 1,500 ग्रॅमची. म्हणजे बचत 400 ग्रॅमची. वडिलांनी पुढचे गणित कागदावर केले. स्वार, सायकल, पाण्याची बाटली असे सारे धरून वजन 80 किलो. तीव्र चढावर वेग मंद असतो, हवेचा अडथळा थोडा असतो आणि बहुतेक शक्ती वजन वर नेण्यात खर्च होते. 80 किलोत 400 ग्रॅम म्हणजे दोनशेवा भाग. तासाभराच्या चढाईत तो दोनशेवा भाग 18 सेकंदांचा होतो. लाखाला 18 ने भागले, तर एका सेकंदाचा भाव साडेपाच हजारांवर गेला. पाऊण लिटरच्या भरलेल्या बाटलीतील पाणीच त्या बचतीहून जड असते!

मुलाचे म्हणणे मात्र अगदीच पोकळ नव्हते. फिरणाऱ्या रिमचे वजन वेग वाढविताना जवळजवळ दुप्पट जाणवते, हे खरे आहे. पण घाटात एका संथ लयीने चढताना ते अन्य वजनाइतकेच मोजले जाते. उंच कडांच्या रिमा हवा सहज कापतात, हेही खरे. त्यांचा लाभ सपाटीवरील मोठ्या वेगात मिळतो. ‘शर्यत काही केवळ घाटाची नाही,’ असे तो म्हणे, आणि ते बरोबर होते. मुंबईपासून खोपोलीपर्यंतचा रस्ता बहुतांशी सपाट आहे. परंतु तेथे स्पर्धक थव्याने धावतात आणि पुढच्याच्या आडोशाने मागच्याची पुष्कळ शक्ती वाचते. खरा निवाडा बोरघाटात होतो. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता सुमारे पाचशे मीटर उंची गाठतो; तेथे आघाडीवर असणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्याची या शर्यतीची परंपरा आहे. जो घाटात थव्यापासून सुटला, तो पुढे पुण्यापर्यंत एकट्याने वारा झेलतो. मग त्याची चाके कितीही मोलाची असोत.

घाटात टिकण्यासाठी काय लागते, याचे उत्तर दुकानात मिळाले नाही. ते तोरणमाळच्या रस्त्यावर मिळाले. शहाद्याहून म्हसावद आणि राणीपूरमार्गे सातपुडा चढू लागले की रस्ता अकराशे मीटरांहून अधिक उंचीवर नेतो. मुलाच्या सायकलला पुढे 39 आणि मागे सर्वांत मोठे 25 दातांचे चक्र होते. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सव्वातीन मीटर पुढे जाई. ताशी आठ किलोमीटरच्या वेगाला मिनिटास जेमतेम चाळीस फेरे पडत. प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर सारा भार येई. तिसऱ्या आठवड्यात उजवा गुडघा दुखू लागला, तेव्हा लाखाच्या चाकांची गोष्ट आपोआप मागे पडली.

पुढे 34 आणि मागेही 34 दातांचे चक्र असेल, तर एका फेऱ्यात सायकल सुमारे 2.1 मीटर जाते आणि त्याच वेगाला मिनिटास साठाहून अधिक फेरे पडतात. श्रम तेवढेच राहतात, परंतु ते लहान हप्त्यांत फेडले जातात. गुडघ्याला ही सवलत मोठी असते. अनुभवी सायकल मिस्त्रीने एवढेच बजावले, ‘शेठ, नुसते मागचे चक्र बदलून भागणार नाही. गियर बदलणारा भाग मोठ्या चक्राला पेलणारा पाहिजे, साखळीही लांब लागेल.’ हा सारा खर्च धरूनही तो चाकांच्या किमतीच्या जवळपास फिरकत नव्हता.

चाक आणि चढ यांचे हे नाते जुनेच आहे. ‘टूर द फ्रान्स’ या जगप्रसिद्ध शर्यतीत 1937 पर्यंत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या गियरला परवानगी नव्हती. त्याआधीचे स्वार डोंगराच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवीत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर साखळी चढवून घाट चढत. त्यांनाही चाकाकडून हवा होता तो योग्य गियर.

चढापेक्षा उतार अधिक गंभीर. ज्या सायकलचे ब्रेक रिमवर दाबतात, तिच्या रिमा लांब उतारावर तापतात. कार्बन रिममधील राळ अति उष्णतेने मऊ पडू शकते. अॅल्युमिनियम ती उष्णता लवकर बाहेर टाकते. उंच कडांच्या पुढच्या चाकाला खिंडीतील आडवा वारा ढकलतो. सातपुड्याच्या वळणांवर हे दोन्ही धोके एकत्र येतात. आईला 18 सेकंदांचे गणित फारसे पटले नव्हते, पण हे लगेच पटले.

अखेर यादी ठरली ती अशी. प्रथम गियर, मग ब्रेकचे नवे रबर आणि तारा, मग फ्रेममध्ये बसतील तेवढे रुंद, 28 मिलिमीटरचे चांगले टायर आणि त्यांत रस्त्याला साजेशी हवा. जुन्याच चाकांचे स्पोक मिस्त्रीकडून सारख्या ताणावर आणून घ्यायचे. चाके बदलायची ती सर्वांत शेवटी, पैसे आणि हौस दोन्ही शिल्लक असतील तर.

व्यापारी कुटुंबातील मुलाला भांडवल मिळणे कठीण नसते. भांडवल कोठे गुंतवायचे, हे शिकणे कठीण असते. मोलाची वस्तू विकत घेतली की तयारी झाल्याचे समाधान लगेच मिळते. घाट चढण्याची ताकद मात्र पहाटेच्या अंधारात, आठवड्यामागून आठवडे, थोडी थोडी साठवावी लागते. हा मुलगा आता दर रविवारी राणीपूरहून वर जातो. गुडघा बरा आहे. वडील त्याच्या वेळा वहीत लिहून ठेवतात आणि दर महिन्याला आधीच्या आकड्याशी ताळा करतात. त्या वहीत आजवर जमेच्या बाजूला जे काही पडले आहे, ते नव्या चाकांवाचूनच पडले आहे.