चार गळालेले टाके

विणकामातले बरेचसे शब्द समीक्षेने फार पूर्वीच उचलून नेले. कथेची वीण, कवितेचा पोत, उसवलेले कथानक. विणणाऱ्या बायकांनी समीक्षेकडून त्या बदल्यात एकच शब्द आणला, आणि तो त्यांना काचत राहतो : शैली. मी चार-सहा जणींना सुया धरायला शिकवते. टाके घालता येऊ लागले की त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, की स्वतःची अशी नवी नक्षी सुचते कुठून?

आपल्याकडे थंडीच बेताची. बहुतेक मराठी घरांत लोकर येते ती बाळंतविड्यासाठी. टोपडे, मोजे, एखादा स्वेटर. या विड्यात नावीन्याची कोणी अपेक्षा करत नाही. त्यामुळे प्रेरणा हवी झाली की मुली परदेशी पुस्तके उघडतात आणि तिथे त्यांना आयर्लंडच्या अ‍ॅरन बेटांचा पांढरा, दोरखंडाच्या विणीचा स्वेटर भेटतो. सोबत एक कथाही येते : प्रत्येक घराण्याची वीण वेगळी होती म्हणे, बुडालेल्या कोळ्याचा देह किनाऱ्याला लागला की स्वेटरवरून त्याचे घराणे कळे.

कथा इतकी देखणी आहे की ती खोटी आहे असे सांगणाऱ्याचाच राग यावा. पण अशा घराणेवार नक्ष्यांना पुरावा नाही. आज ओळखला जाणारा हा स्वेटर विसाव्या शतकाच्या प्रारंभाचा. १९३०च्या दशकात ऑक्सफर्डमधले लोकरीचे व्यापारी हाइन्झ एडगर कीवे यांच्या हाती डब्लिनमध्ये असा एक स्वेटर लागला आणि त्यांनी त्याचे नाते थेट ‘बुक ऑफ केल्स’शी जोडून दिले. रिचर्ड रट यांनी १९८७च्या आपल्या विणकामाच्या इतिहासात ही मांडणी खोडून काढली.

बुडालेल्या माणसाच्या दंतकथेचे बीज मात्र बहुधा साहित्यातले आहे. जे. एम. सिंज यांची ‘रायडर्स टु द सी’ ही एकांकिका १९०४ मध्ये डब्लिनला रंगमंचावर आली. तिच्यात नोरा आपल्या भावाला, मायकेलला, ओळखते ती मोज्यावरून. आणि मोजा कशावरून? नक्षीचा तिथे उल्लेखही नाही. आपण विणलेल्या तिसऱ्या जोडीतला हा दुसरा, साठ टाके घातले होते, चार गाळले होते, एवढा हिशेब तिला पाठ आहे. चार टाके चुकून गळले की मुद्दाम, हे सिंज सांगत नाही. नंतरच्यांनी मोज्याचा स्वेटर केला, आकड्याची नक्षी केली आणि बहिणीचे घराणे केले. परंपरा अशाही तयार होतात, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना मी काय सांगावे!

आपल्या मातीतले काही विणायचे म्हणून पैठणीचा मोर स्वेटरवर आणू पाहणाऱ्या उत्साहाविषयी मला म्हणूनच थोडी शंका असते. लोकरीलाही असते. टाका चौरस नसतो, रुंद आणि बुटका असतो. मध्यम जाडीच्या लोकरीत माझ्या हाताने इंचाला पाच टाके आणि सात ओळी बसतात. चौकटीच्या कागदावरचा डौलदार मोर त्यामुळे विणल्यावर बसका होतो. शिवाय दोन रंगांत विणताना न लागणारा धागा मागून न्यावा लागतो. एका रंगाचे सलग बरेच टाके आले की मागे लांब धागे लोंबतात आणि त्यांत तान्ह्याची बोटे अडकतात. इरकलीच्या काठाचे रुईफूल मात्र लोकर आनंदाने घेते. ते लहान आहे, आणि त्यात दर दोन-चार टाक्यांनी रंग बदलता येतो. वृत्तात लिहिणाऱ्याला हा अनुभव नवा नसावा.

एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांनी आपल्या युक्त्यांना शोध म्हणायचे टाळले. ‘इन्व्हेंट’च्या जागी त्यांनी ‘अनव्हेंट’ असे क्रियापद योजले. कुठल्यातरी बाईने हे कधीतरी केलेलेच असणार, आपण ते फक्त पुन्हा उकरून काढले. मला यातला विनय आवडतो, पण नोराचे चार टाके त्यात मावत नाहीत. ते कोणी उकरून काढलेले नव्हते.

माझ्या आत्याचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा किंचित सैल पडे. त्यामुळे तिच्या साध्या विणीची मागची बाजू पाहिली की ओळी जोडीजोडीने उठून दिसत. पुस्तके याला दोष मानतात आणि उलट ओळीला एक नंबर बारीक सुई घ्यायला सांगतात. नक्षी तिने आयुष्यात एकही बसवली नाही. पण शंभर टोपडी समोर टाकली तरी तिचे मी उलटे करून निवडीन. मी विणायला तिच्याकडेच शिकले, माझाही उलट टाका सैलच पडतो, आणि ती बारीक सुई मी अजून विकत घेतलेली नाही.

सध्या सुईवर एक टोपडे आहे. शहाऐंशी टाके, कडांचे दोन, बाकीच्यांत बारा-बारा टाक्यांची सात रुईफुले. काठाच्या वर साधी वीण ठेवली आहे, एका रंगाची, जरा जास्तच.