उचलून घेणे सोपे असते

माझ्या धाकट्या भावाची मुलगी ७ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. मेंदू वाढत असतानाच त्याला झालेली ही इजा पुढे वाढत नाही; हाडे मात्र वाढत राहतात आणि ताठरलेले स्नायू त्यांच्या मागे पडतात. मग टाच जमिनीला टेकेनाशी होते, कधी मांडीचे हाड खुब्याच्या खोबणीतून सरकू लागते. त्यामुळे व्यायामाला सुट्टी नसते.

फिजिओथेरपी म्हणजे मुलाला आडवे करून कुणीतरी त्याचे पाय ताणून देणे, अशी अनेकांची समजूत आहे. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच भेटीत तिलाच विचारले, ‘तुला काय करायचंय?’

‘गल्ल्यावर बसायचंय, आजोबांसारखं.’ (व्यापाऱ्याच्या घरात दुसरे काय ऐकायला मिळणार!)

तेच उद्दिष्ट ठरले. मुलाला ज्या कामाची ओढ आहे ते त्याने स्वतः, खऱ्या जागी, पुन्हा पुन्हा करावे, यावर आताच्या उपचारांचा भर आहे.

आमची कापडाची पेढी जुन्या पद्धतीची, गादी-तक्क्याची. पायांत स्प्लिंट, हाती वॉकर. उंबऱ्यापासून गादीपर्यंतच्या ९ पावलांना प्रारंभी १० मिनिटे लागत. मग गादीच्या कडेवर एक गुडघा टेकवायचा, हातांवर भार घ्यायचा, दुसरा पाय ओढून घ्यायचा. ‘अहो शेठ, उचला की पोरीला!’ असे म्हणत गिऱ्हाईक हळहळे. आई पाठ फिरवून बसे. बाबा वहीवर डोळे लावून बसत, पण पान उलटत नसे.

वहिनींची कंबर आताच धरते. उचलणारे हात जन्मभर पुरणार नाहीत, हे त्या माउलीला आम्हा सर्वांआधी उमगले होते.

आपल्या घरांत उपचार पैशापायी क्वचितच अडतात. ‘थोरल्याच्या सोयरिकीत अडचण नको’ या भीतीपायी अधिक अडतात. प्रमाणपत्र काढले की शिक्का बसतो म्हणे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अवस्था स्पष्ट नमूद आहे. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत १ लाखापर्यंतच्या आरोग्यविम्यात थेरपीही धरली आहे. प्रमाणपत्राविना यातले काही पदरी पडत नाही. मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली ती १९७२ मध्ये. आज अर्धशतक उलटल्यावरही मुलाला आतल्या खोलीत ठेवणारी सुशिक्षित घरे मला ठाऊक आहेत.

आमची मुलगी आता गादीवर आपली आपण चढते. डाव्या हाताची बोटे पुरती उघडत नाहीत, तेव्हा नोटा मोजणे अजून साधत नाही. नाणी वेगळी करते. पुढचे उद्दिष्ट तिनेच सांगून ठेवले आहे: मीटरपट्टी दोन्ही हातांनी धरून कापड मोजायचे.