एका नावाचा कारभार

ख्रिश्चन डिओर म्हटलं की लोकांना झगे आठवतात. मला आठवतात पायमोजे. 1940चं दशक संपत आलं होतं, डिओरच्या पॅरिसमधल्या दुकानाला जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि प्रेस्टीज नावाची एक अमेरिकी कंपनी त्याच्याकडे आली. बायकांच्या मोज्यांवर तुमचं नाव लावू द्या, त्याचे एकरकमी पैसे घ्या, असा प्रस्ताव होता. डिओरने एकरकमी पैसे नाकारले आणि विक्रीवर टक्केवारी मागितली.

परवाना करार लिहिणं हा माझा व्यवसाय. ट्रेडमार्कच्या मालकाने आपलं नाव दुसऱ्याला कशावर, कुठे, किती वर्षं आणि कोणत्या अटींवर वापरू द्यायचं, हे ज्या कागदावर ठरतं तो कागद मी लिहिते. त्यामुळे त्या टक्केवारीचं मोल मला कळतं. एकरकमी पैसे घेणारा नाव देतो आणि घरी जातो. टक्केवारीवाल्याला दर तिमाहीला हिशेब मागता येतो, वह्या तपासता येतात, आणि माल वाईट निघाला तर त्याच्याही खिशाला चाट बसते. मला विचाराल तर डिओरचा जागतिक धंदा सुरू झाला तो या कागदापासून. झग्यांनी फक्त नाव कमावलं होतं.

ते नाव मात्र विजेच्या वेगाने झालं. 12 फेब्रुवारी 1947ला पहिला शो झाला. बारीक कंबर, घोट्याकडे झेपावणारा भरघोस घेर. युद्धकाळात कापडाचं रेशनिंग सोसलेल्या पॅरिसमध्ये एकेका झग्याला वारेच्या वार कापड! काही बायका हरखल्या, काही रस्त्यात भांडायला उठल्या. अमेरिकी संपादक कार्मेल स्नो हिच्या तोंडून ‘न्यू लुक’ हे नाव पडलं. या दुकानात पैसा होता मार्सेल बुसाकचा, आणि बुसाक हा फ्रान्समधला सुती कापडाचा सम्राट. कापडवाल्याच्या पैशातून भरपूर कापड खाणारी फॅशन निघाली, यात योगायोग किती आणि हिशेब किती, ते वाचकांनी ठरवावं.

त्याच वर्षी ‘मिस डिओर’ हे परफ्यूम आलं. ते काढायला डिओरने सर्ज हेफ्टलर-लुईश या बालमित्राबरोबर वेगळी कंपनी स्थापन केली. झग्यांची कंपनी एक, सुगंधाची दुसरी, नाव एकच. त्या वेळी कुणाला त्यात वावगं वाटलं नसेल. मला असे कागद दिसले की पोटात गोळा येतो.

1948मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर तयार कपड्यांचं दुकान निघालं. मग मोजे, 1950मध्ये टाय, पुढे बूट, नकली दागिने. टायवर नाव आलं तेव्हा पॅरिसच्या कुतूर महासंघाने नाकं मुरडली. उच्च फॅशन स्वस्त केली म्हणून ओरड झाली. नंतर त्याच महासंघातली बहुतेक घराणी या वाटेने गेली, हा भाग वेगळा.

हा करार चालतो कसा ते थोडक्यात सांगते. परवाना घेणारा घाऊक विक्रीवर रॉयल्टी देतो, बहुधा पाच ते बारा टक्क्यांच्या आसपास. विक्री झाली नाही तरी किमान हमी भरावीच लागते. जाहिरातीवर अमुक खर्च करायचा, प्रत्येक नमुना आधी मंजूर करून घ्यायचा, अमुक दर्जाखालच्या दुकानात माल ठेवायचा नाही. सगळ्यात जास्त भांडणं होतात ती शेवटच्या कलमावरून: करार संपला, गोदामात माल उरला, तो किती महिन्यांत आणि कुठे विकायचा? मालकाला तो माल रस्त्यावरच्या सेलमध्ये दिसायला नको असतो. परवानेवाल्याला आता नाव राखायचं काहीच कारण उरलेलं नसतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून तर वकिलांची घरं चालतात.

24 ऑक्टोबर 1957ला डिओर इटलीत हृदयविकाराने गेला, वयाच्या 52व्या वर्षी. गादीवर आला एकवीस वर्षांचा इव्ह सां लोराँ. पुढची कलात्मक वंशावळ फॅशनच्या पुस्तकांत सापडेल. मी कागदांकडे वळते. बुसाकचं कापड-साम्राज्य खंगत गेलं. 1968मध्ये परफ्यूमची कंपनी त्याच्या हातून निसटून शॅम्पेनवाल्यांकडे, म्हणजे पुढे मोएत हेनेसी झालेल्या समूहाकडे गेली. 1978मध्ये बुसाक समूह दिवाळखोरीत निघाला. पैशांची चणचण असलेल्या मालकाला परवाना हा सगळ्यात सोपा पैसा: कारखाना नको, माल नको, फक्त सही. या काळात डिओरच्या नावाचे परवाने शेकड्यांनी वाटले गेले.

ही वाट तिच्या टोकापर्यंत चालत गेलेला माणूस याच घरातला होता. 1947च्या त्या पहिल्या संग्रहाच्या वेळी डिओरच्या शिवणविभागात काम करणारा पिअर कार्डिन. 1950मध्ये तो स्वतंत्र झाला आणि पुढे त्याच्या नावाचे आठशेच्या वर परवाने निघाले. टाय, घड्याळं, सिगरेटी, स्वयंपाकाची भांडी. 1981मध्ये त्याने पॅरिसचं ‘मॅक्सिम्स’ रेस्टॉरंट विकत घेतलं आणि त्याही नावाचा तोच कारभार मांडला. मराठी घरात कार्डिन पोचला तो पेन होऊन, मुंबईच्या फ्लेअर कंपनीमार्फत. निरोप समारंभात मखमली डबीतून मिळालेलं ते पेन बहुतेकांच्या कपाटात असेल, आणि त्या नावाचा माणूस कपडे शिवत होता हे बहुतेकांच्या गावीही नसेल.

कार्डिनला नावं ठेवणं सोपं आहे, मी ठेवणार नाही. तो स्वतःच्या नावाचा अखेरपर्यंत मालक राहिला आणि मनासारखा जगला. पण 2011मध्ये त्याने व्यवसाय विकायला काढून एक अब्ज युरो मागितले, तेव्हा तेवढे देणारा कुणी पुढे आला नाही. डिसेंबर 2020मध्ये, 98व्या वर्षी तो गेला तेव्हाही व्यवसाय त्याच्याकडेच होता. रॉयल्टी दरवर्षी येत होती, पण विकत घ्यावं असं त्यात काय उरलं होतं? कारखाने दुसऱ्यांचे, दुकानं दुसऱ्यांची, गिऱ्हाईक दुसऱ्यांचं.

डिओरचं तसं झालं नाही, कारण 1984मध्ये बर्नार आर्नो या बांधकाम व्यावसायिकाच्या मुलाने बुसाकची उरलीसुरली मालमत्ता घेतली. त्यात कापडगिरण्या होत्या, पॅरिसचं ‘ल बाँ मार्शे’ स्टोअर होतं, बाळांचे डायपर बनवणारा धंदा होता आणि डिओरही होतं. आर्नोने डायपर विकले, गिरण्या मोडीत काढल्या, हजारो कामगार घरी गेले. त्याच दशकात गिरणगाव पाहिलेल्यांना याहून जास्त सांगायला नको. ठेवण्यासारख्या गोष्टी त्याने ठेवल्या आणि मग दिलेले परवाने परत घ्यायला सुरुवात केली.

पुण्यातल्या दुकानांवरच्या ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीला आपण हसतो. लक्झरी घराणी त्याच पाटीसाठी माझ्यासारख्यांना फी मोजतात. परवाना परत घेणं म्हणजे हातची रॉयल्टी सोडायची, दुकानं स्वतः चालवायची, माल स्वतः बनवायचा आणि काही वर्षं तोटा दिसू द्यायचा. 1997मध्ये डिओरने जपानमधली तेरा दुकानं कानेबो कंपनीकडून काढून घेतली. चष्म्यांचं काम साफिलो या इटालियन कंपनीकडे होतं. 2021पासून ते आर्नोच्याच एलव्हीएमएच समूहातल्या थेलिओसकडे आलं. आणि 1947चा तो दोन कंपन्यांचा कागद? मोएत हेनेसीमार्फत एलव्हीएमएचकडे परफ्यूम आधीपासून होतं. झग्यांची कंपनी समूहात आणायला त्यांनी 2017मध्ये साडेसहा अब्ज युरो मोजले. एका नावाचे दोन तुकडे जोडायला सत्तर वर्षं लागली.

परवाने परत घेऊन नाव ताब्यात आलं की मग त्यावर काहीही उभं करता येतं. 1995मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बर्नादेत शिराक यांनी राजकुमारी डायनाला डिओरची एक छोटी बॅग भेट दिली. तिचं पुढे ‘लेडी डिओर’ झालं. बॅगेचं अर्थशास्त्र कपड्यापेक्षा सोपं आहे. तिला माप नसतं, म्हणून न खपलेल्या मापांचा ढीगही नसतो. 30, अव्हेन्यू माँतेन या मूळ पत्त्यावर 2022मध्ये दुकानाबरोबर रेस्टॉरंट, संग्रहालय आणि मुक्कामाचा एक सूट सुरू झाला. ज्याला लाखोंचा झगा परवडत नाही तो तिथे कॉफी घेतो, लिपस्टिक घेतो. झगे थोड्याच बायका घेतात. त्या झग्यांच्या पुण्याईवर बाकीचं सगळं खपतं.

30 मार्च 2023ला हा सगळा लवाजमा मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर उतरला. मारिया ग्राझिया क्युरी तेव्हा तिथली मुख्य डिझायनर होती. भलंमोठं भरतकामाचं तोरण लावलं होतं, आणि ते केलं होतं मुंबईच्याच ‘चाणक्य’च्या कारागिरांनी. करिश्मा स्वाली यांची ही संस्था अनेक वर्षं डिओरसाठी भरतकाम करते आहे. मुंबईत आरी-जरदोजीच्या चौकटींवर वाकून बसलेल्या हातांनी युरोपची किती घराणी सजवली आहेत, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. डिओरने ते उघडपणे मिरवलं, याचं श्रेय मी देते. मात्र बहुतेक महागड्या कपड्यांच्या लेबलवर मुंबई नसते, कारण कायद्याने तिथे शेवटच्या महत्त्वाच्या प्रक्रियेचा देश लिहिला जातो.

नाव परत घेतलं म्हणजे काम परत घेतलं असंही नाही. जून 2024मध्ये मिलानच्या न्यायालयाने डिओरच्या तिथल्या एका उत्पादन-कंपनीवर देखरेखीसाठी प्रशासक नेमला. उपकंत्राटदारांच्या कारखान्यांत कामगारांची पिळवणूक होत होती, असं तपासात निघालं होतं. 2600 युरोंना विकल्या जाणाऱ्या एका बॅगेच्या जोडणीला, कच्चा माल वगळून, 53 युरो दिल्याची नोंद त्या कागदांत होती. सुधारणा झाल्याचं पाहून 2025च्या सुरुवातीला न्यायालयाने ती देखरेख मुदतीआधी उठवली. ज्यांचे वकील मोज्याच्या धाग्यापर्यंत नमुना तपासण्याची कलमं लिहितात, त्यांना कारखान्यातला माणूस दिसला नाही, हे मला पटत नाही. बघायचं नव्हतं, इतकंच.

आता आपल्याकडच्या तरुण डिझायनरांसाठी. पैठणी, खण, हिमरू घेऊन स्वतःच्या नावाचं लेबल काढणारी मुलंमुली आता माझ्याकडे येऊ लागली आहेत, आणि बहुतेकदा सही झाल्यावर येतात. त्यांना मी हॅलस्टनची गोष्ट सांगते. अमेरिकेच्या या बड्या डिझायनरने 1973मध्ये आपला व्यवसाय आणि नाव नॉर्टन सायमन कंपनीला विकलं. कंपनीची मालकी पुढे बदलत गेली, आणि 1984मध्ये तो स्वतःच्याच कंपनीतून बाहेर फेकला गेला. त्यानंतर हॅलस्टन या नावाने कपडे करायची मुभा खुद्द हॅलस्टनला उरली नव्हती. तेव्हा पहिला गुंतवणूकदार दारात येईल त्या दिवशी मूल्यांकनाच्या आकड्याआधी ट्रेडमार्कचं कलम वाचा. तिथे ‘हस्तांतरण’ लिहिलं असेल तर ते खोडून ‘परवाना’ करून घ्या, आणि तो परत घ्यायची मुदत आणि कारणं त्याच कागदावर लिहून घ्या.