आजोबांच्या कॅमेऱ्याचें भोंक

आमच्या घरीं आजोबांचा एक कॅमेरा आहे. त्याच्या पुढच्या अंगास, खालच्या भिंगाच्या शेजारीं, करंगळीच्या नखाहूनहि लहान असें पितळेचें एक वाटोळें नळकांडें बसविलेलें आहे. लहानपणीं मी तें कॅमेऱ्याचें नाक समजत असें. पुढें कळलें कीं, कॅमेरा जर्मनींतला असला तरी हें नाक इकडे आल्यावर कोणी तरी त्यास भोंक पाडून बसविलेलें आहे.

कॅमेरा रोलीफ्लेक्स जातीचा. ब्राउन्श्वाइग शहरीं फ्रँके व हायडेके यांच्या कारखान्यांत तयार झालेला. १९३७ सालीं निघालेल्या ‘ऑटोमॅट’ नमुन्यापैकीं तो आहे. त्यास दोन भिंगें आहेत. वरचें पाहण्याचें, खालचें चित्र घेण्याचें. ओणवून दुधी कांचेंत पाहावें तों डावें तें उजवें दिसतें, आणि एका फिल्मवर सहा सेंटिमीटर चौरस अशीं बाराच चित्रें निघतात. बारा हा आंकडा आजच्या मुलांस हास्यास्पद वाटेल. माझ्या वर्गांतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत डबा उघडण्यापूर्वींच तेवढीं चित्रें फोनवर काढून मोकळा होतो.

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या रात्रीं मीं हौसेनें हा कॅमेरा बाहेर काढिला, त्या नळकांड्यांत फ्लॅशची वायर खोंचली आणि नाटकाच्या पात्रांचीं बारा चित्रें घेतलीं. फ्लॅश दर वेळीं लखलखला. फिल्म मात्र धुतल्यावर जवळजवळ कोरी निघाली. मुलांनीं मला कांहीं म्हटलें नाहीं, हाच त्यांचा चांगुलपणा. पुढें थोड्याच दिवसांनीं जुन्या कॅमेऱ्यांचा संग्रह करणाऱ्या एका गृहस्थांनीं तो पाहिला. “अहो, काय सुंदर नग, आणि कोण्या अडाण्यानें त्याची नासाडी केली पाहा! हें भोंक बुजवून घ्या, नाहीं तर ह्याला निम्मीहि किंमत यावयाची नाहीं.” कॅमेरा विकण्याचा माझा विचार नव्हता; तरीहि आपल्या वडिलार्जित वस्तूंत खोट आहे हें परक्याच्या तोंडून ऐकणें कोणास आवडेल? तें नळकांडें काढून टाकावयाचें असें ठरवून मी मुंबईस गेलों.

कोटांत एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालीं कॅमेरे दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर बसत असत. त्यांनीं माझें म्हणणें ऐकून घेतलें, चार स्क्रू सोडवून पुढचा पत्रा उचलला आणि डोळ्याला भिंग लावून बराच वेळ नुसते पाहात राहिले. मग म्हणाले, “मास्तर, आधीं इकडे या आणि हें बघा. काढायचें कीं नाहीं तें मागाहून सांगा.”

त्यांनीं मला जें दाखविलें तें येथें थोडें विस्तारानें सांगतों. कॅमेऱ्याच्या शटरांत पोलादाचीं पातळ पातीं असतात. खटका दाबतांच तीं मधून बाहेर सरकून उघडतात आणि ठरलेला वेळ संपतांच मिटतात. आमच्या कॅमेऱ्यांत हा वेळ कमींत कमी सेकंदाचा पांचशेवा भाग. इतक्या अल्प अवकाशांत प्रकाश पडावयाचा तर माणसाचा हात कामाचा नाहीं. दिवा शटरानेंच पेटविला पाहिजे. म्हणून त्या अज्ञात कारागिरानें, पातीं पूर्ण उघडलीं म्हणजे आंतील तरफ जेथें येऊन थांबते, नेमक्या त्या जागीं पितळेची एक लवचिक पट्टी बसविली होती. पट्टीखालीं विद्युत्‌ वाहूं न देणारी चकती. पट्टीपासून रेशीम गुंडाळलेली तार निघून नळकांड्याच्या मधल्या टोंकाला डाखली होती; बाहेरचें कडें कॅमेऱ्याच्या धातूलाच जोडलेलें. तरफ पट्टीला टेंकली कीं मंडल पुरें होतें आणि दिवा लागतो. माझ्या कोऱ्या फिल्मचें कारणहि तेथेंच सांपडलें. इतक्या वर्षांत पट्टी पुढें वांकली होती, त्यामुळें तरफ तिला लौकर शिवत असे, आणि पातीं उघडूं लागतात न लागतात तोंच फ्लॅश होऊन जात असे.

“हें काम ज्यानें केलें त्यानें घाई केलेली नाहीं,” वृद्ध म्हणाले. “भोंक कुठें पाडलेंय पाहा. एका दोऱ्याइतकें इकडे झालें असतें तर शटर कायमचें गेलें असतें. घरीं विचारून या. मग तुम्ही म्हणाल तसें करूं.”

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजोबांनीं कॅमेरा घेतला तेव्हां अशी सोय त्यांत नव्हती. कांचेच्या फुग्यांत प्राणवायु व ॲल्युमिनियमची पातळ वर्खी भरून केलेला फ्लॅशचा दिवा जर्मनींत १९२९ च्या सुमारास निघाला, आणि रोलीफ्लेक्सहि त्याच सालचा. पण ह्या दोघांची गांठ कारखान्यांतच पडून रोलीफ्लेक्स सॉकेटासह मिळूं लागण्यास १९४९ साल उजाडलें. मधल्या काळांतील कॅमेऱ्यांना पुष्कळ ठिकाणीं मागाहून सॉकेटें बसविण्यांत आलीं. आमचा त्यांतलाच एक, एवढेंच मी समजून होतों.

घरीं येऊन मीं बाबांस विचारलें. त्यांचें वय आतां ऐशींच्या पुढें आहे. ते प्रथम कांहींच बोलले नाहींत. मग उजवा हात पुढें करून म्हणाले, “हा कशानें भाजला म्हणून तुम्हां मुलांना सांगितलें होतें?”

दिवाळीच्या फटाक्यानें, असें आम्ही जन्मभर ऐकत आलों होतों. तीन बोटांची त्वचा अजून गुळगुळीत व चकचकीत आहे.

आजोबांचा उदरनिर्वाह लग्नांवर चाले, आणि आमच्याकडील पुष्कळ लग्नें गोरज मुहूर्तावरचीं. अंतरपाट दूर व्हावयाचा तो नेमका उजेड मावळतांना! दिवसाचा प्रकाश नाहीं, आणि मांडवांतील बत्त्यांचा पुरत नाहीं. तेव्हां आजोबा मॅग्नेशियमची भुकटी तबकांत घालून पेटवीत. ते शटर उघडें ठेवून ‘हं’ म्हणत, तबक धरणारा चाप ओढी, भडका उडे, आणि मग ते शटर मिटीत. मांडवभर धूर होई, म्हणून दुसरें चित्र घेण्याची सोय नसे. तबक धरण्याचें काम दहा वर्षांच्या बाबांकडे होतें. १९५२ च्या वैशाखांत एका लग्नांत भुकटी सर्दावलेली निघाली. चाप ओढला, भडका झाला नाहीं. काय झालें तें पाहावें म्हणून बाबा वांकले, आणि तेवढ्यांत ती पेटली.

“भुंवया परत आल्या,” बाबा म्हणाले. “आजोबांनीं घरीं येऊन तबक विहिरींत टाकलें. फटाक्याची गोष्ट त्यांनींच काढली. मीहि ती चालूं दिली.”

त्या रात्रीं मीं माळ्यावरून आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या काढिल्या. १९५२ सालच्या वहींत डॉक्टरांच्या नांवें चार वेळां खर्च पडला आहे. त्यानंतर, लग्नसराई ऐन भरांत असतांना, पुढल्या दोन महिन्यांत लग्नाची म्हणून एकहि जमा नाहीं. आणि आषाढांत एक ओळ : ‘कॅमेऱ्यास फ्लॅशचें काम, मुंबई, रु. ३५.’ खालीं दिव्यांची एक पेटी व बॅटरी. त्या दिवसांत आमच्या घरीं पस्तीस रुपये ही कांहीं लहान रक्कम नव्हती.

मी पुन्हां मुंबईस गेलों आणि पट्टी सरळ करून घेतली. वृद्धांनीं पाठ उघडी ठेवून कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरला, शटर पांचशेवर लावलें आणि मला मागून भिंगांत पाहावयास सांगितलें. फ्लॅश उडतांच क्षणभर तेजाचें स्वच्छ वाटोळें वर्तुळ दिसलें. वेळ चुकली असती तर त्या जागीं पात्यांच्या कडांनीं कातरलेली चांदणी दिसली असती. जुने कांचेचे दिवे लावावयाचे असल्यास मात्र सेकंदाच्या पंचविसाव्या भागाहून जलद जाऊं नये, असें त्यांनीं बजावलें. त्या दिव्यास पूर्ण तेजावर येण्यास सेकंदाच्या हजार भागांपैकीं वीसएक लागतात, आणि जलद शटर तोंवर मिटून जातें. आजोबांच्या कॅमेऱ्यावर पंचवीसच्या आंकड्याजवळ पांढऱ्या रंगाचा एक बारीक ठिपका आहे. तो कशासाठीं असावा, हें मला त्या दिवशीं कळलें.

संग्राहक गृहस्थांस मीं निरोप पाठविला कीं, भोंक बुजविलेलें नाहीं.

गेल्या रविवारीं बाबांस ओसरीवर बसवून फ्लॅश लावून त्यांचें चित्र घेतलें. सदऱ्याच्या सुरकुत्या, मागच्या भिंतीवरचें दिनदर्शिकेचें पान, सारें स्पष्ट आलें आहे. बाबांचे डोळे तेवढे मिटलेले आहेत, आणि उजवा हात तोंडासमोर अर्धा उचललेला आहे.