कृष्णाकाठची वसईकरीण

तिचं जन्मसाल तिच्या अंगावरच कोरलेलं आहे: १७०७. औरंगजेब वारला त्या वर्षी ही साच्यातून बाहेर आली. वजन सुमारे साडेसहाशे किलो. साताऱ्याहून पाचवडमार्गे वाई, वाईहून तीनेक किलोमीटरवर मेणवली. इतक्या जवळ राहणाऱ्या बाईला मी चाळिशी उलटेपर्यंत भेटले नव्हते, याची हळहळ वाटते.

रविवारी सकाळच्या एसटीनं आईला घेऊन निघाले. वाईत ढोल्या गणपतीला हात जोडले, मेणवलीत नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा पाहिला. वाड्यामागे कृष्णेचा घाट लागतो, चंद्रकोरीसारखा वळलेला. तिथं मेणेश्वराच्या देवळाशेजारी छोट्याशा दगडी बांधकामात ही घंटा टांगलेली आहे. एवढ्या थोराड अंगाची बाई एवढ्याशा खोलीत कशी मावली, असं पहिल्यांदा वाटतं. मग लक्षात येतं की खोली तिच्यासाठीच बांधली आहे.

ती मूळची वसईची. पोर्तुगीजांच्या चर्चसाठी ओतलेली. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या वेढ्यात मराठ्यांची हजारो माणसं कामी आली, आणि विजयानंतर वसईच्या घंटा निघाल्या त्या घाट चढून देशावर. एक नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात गेली, एक भीमाशंकराला, आणि ही कृष्णेवर. मेणवलीचा घाट आणि देवळं उभारणाऱ्या नानांचा जन्म १७४२चा, म्हणजे वसई पडली तेव्हा ते जन्मलेलेही नव्हते.

तिला सासरी आलेली म्हणावं, तर पाठवणी कुणी केली नव्हती. लढाईत जिंकून आणलेली ती. वसईत जेमतेम बत्तीस वर्षं काढली असतील, पुढचं सगळं आयुष्य इकडे गेलं. तिकडे मनोऱ्यावर असताना खालून एकजण दोर ओढायचा आणि तिचा आवाज ऐकून सगळा गाव प्रार्थनेला जमायचा. गावाला हाक मारणं हे तिचं काम. आपल्या देवळातल्या घंटेची रीत उलटी. इथं जो येतो तो आपापल्या हातानं वाजवतो आणि देवाला सांगतो, मी आलोय. माणसांना बोलावणारी बाई माणसांची वर्दी देवाला देऊ लागली. एवढा मोठा बदल या वयात भल्याभल्यांना झेपत नाही. मला तिचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचं.

आई तिच्याभोवती हळूहळू फिरली. तिची नजर आता मंद झालीय, म्हणून ती बोटांनी बघते. धातूवरून हात फिरवता फिरवता एका जागी थांबली.

"अगं, ही लेकुरवाळी आहे."

मी वाकून पाहिलं. मेरी आणि तिच्याजवळ बाळ येशू. ओतताना साच्यातच उठवलेलं चित्र, त्यामुळे बोटांना उंचवटा लागतो. मी आईला सांगितलं, ही ख्रिस्ती लोकांची माउली. आई म्हणाली, "असू दे. लेकरू आहे ना जवळ." आणि पदराच्या टोकानं तिनं तेवढ्या भागावरची धूळ पुसली.

मी तिथंच उभी राहिले. इथं आणताना छिन्नीचे चार घाव घातले असते, तर ही मायलेकरं कायमची गेली असती. कुणी घातले नाहीत. शत्रूच्या देवळातून आणलेली घंटा महादेवाच्या दारात टांगली आणि तिच्या अंगावरची आई तशीच राहू दिली. विजयाची खूण म्हणून तिच्याकडे बघायला माझी हरकत नाही, पण माझा जीव अडकतो तो न घातलेल्या त्या घावांत.

लोक तिला पंचधातूची म्हणतात. घंटेच्या धातूत मुख्य असतं तांबं, आणि त्यात कथील. तांबं एकटं मऊ. कथील पडलं की ते कडक होतं आणि गाऊ लागतं. आपलं कासं ते हेच. मी बोटाच्या पेरानं तिच्या कडेवर हलकेच टिचकी मारली. एवढ्या मोठ्या देहातून अगदी बारीक आवाज निघाला, पण तो लगेच विझला नाही. आईनं कान जवळ नेला होता. "आपल्या काशाच्या वाटीसारखी बोलते," ती म्हणाली.

मग आम्ही घाटाच्या पायरीवर बसून घरून आणलेली चटणी-भाकरी खाल्ली. खाली बायका कपडे आपटत होत्या. त्यांतली एक पिळा खांद्यावर टाकून वर आली, जाता जाता आईला म्हणाली, "घंटा बघितली का, मावशी?" घरातल्या वडीलधाऱ्या बाईला भेटलात का, असं विचारावं तसं.

साताऱ्याला पोचायला अंधार पडला. दिवसभर चालून आईचे तळवे जळजळत होते. तिनं फडताळातून काशाची वाटी काढली. तूप लावायच्या आधी ती कानाशी धरली, नखानं एकदा वाजवली, आवाज पुरता थांबेपर्यंत ऐकला, आणि मग पाय पुढे केले.