उलाळ आणि धुरजड

ओमानमध्ये ऑक्टोबर संपला की ऊन उतरतं आणि लोक तंबू घेऊन बाहेर पडतात. कोणी वाळवंटात जातं, कोणी समुद्रकिनारी. मस्कतहून सूरमार्गे रास अल जिन्झला गेलं, तर रात्री अंडी घालायला किनाऱ्यावर येणारी हिरवी समुद्री कासवं बघायला मिळतात. आमची गाडी लहान आहे. डिकीत जेमतेम दोन बॅगा मावतात. म्हणून तंबू, गाद्या, शेगडी, पाण्याचे कॅन असं सगळं आम्ही छोट्या दोनचाकी ट्रेलरमध्ये भरतो आणि तो गाडीमागे जोडतो.

ट्रेलर ओढणं फार अवघड नाही, पण त्यात एक धोका आहे. मागच्या बाजूला वजन जास्त झालं, तर वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे हलू लागतो आणि गाडीलाही हलवतो. गाडीत आपली मुलं बसलेली असतात!

गेल्या हिवाळ्यात माझे बाबा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आले होते. आम्ही सामान भरत होतो. मुलं म्हणत होती, "पाण्याचे कॅन मागे ठेवा, पटकन काढता येतील." बाबांनी ट्रेलरचा पुढचा दांडा हाताने उचलून पाहिला आणि म्हणाले, "अरे, ही उलाळ होतीये. जराशी धुरजड करा."

"आजोबा, उलाळ म्हणजे काय?" मुलांनी विचारलं.

बाबांनी बैलगाडीचं उदाहरण दिलं. बैलगाडीलाही दोनच चाकं असतात. बैलांच्या मानेवर जे आडवं लाकूड असतं, त्याला जू म्हणतात. मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्यातला पट्टा आवळतो. ही उलाळ गाडी. पुढे ओझं जास्त झालं की बैलांची मान दबते. ही धुरजड गाडी. चांगला गाडीवान ओझं चाकांच्या आसावर ठेवतो, किंचित पुढे झुकलेलं.

ट्रेलरचा नियमही हाच आहे. एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के भार पुढच्या दांड्यावर यावा. म्हणजे भरलेला ट्रेलर ३०० किलोचा असेल, तर दांड्यावर १५ ते ३० किलो. घरातल्या वजनकाट्यावर दांडा टेकवला की हे कळतं. आम्ही कॅन आसाच्या थोडे पुढे, तळाशी ठेवले.

बाकीची तयारीही महत्त्वाची. गाडी किती वजन ओढू शकते, ते तिच्या पुस्तिकेत बघायचं. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. सुरक्षेच्या साखळ्या दांड्याखालून एकमेकींवर फुली करून लावायच्या. दिवे लागतात का, ते पाहायचं. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवायचं. आणि ट्रेलर हलायला लागलाच, तर जोरात ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि वेग आपोआप कमी होऊ द्यायचा.

बाबांना कार चालवता येत नाही. पण मी चार पानं वाचून शिकलो ते त्यांनी दोन शब्दांत सांगितलं. आमच्या गावात आता ट्रॅक्टर आलेत आणि हे शब्द तिथे क्वचितच ऐकू येतात. आमच्या घरी मात्र ते रोजच्या वापरात आहेत. निघण्याआधी माझी मुलगी दांडा उचलून बघते आणि ओरडते, "बाबा, उलाळ नाहीये. चला!"